रुळांवरून पाण्यात: जीवरक्षक नौकाघराच्या एका प्रतिकृतीचे परीक्षण

फोंडा तालुक्यात लाकडी प्रतिकृती करून देणारी एक छोटी कार्यशाळा आहे. देव्हारे, मखरे आणि देवळांतील कोरीव काम हा तिथला मुख्य व्यवसाय असला, तरी मेस्त्रींच्या घरातील मागच्या पिढीने बार्ज बांधण्याच्या कारखान्यांत सुतारकाम केलेले असल्याने होड्या, पडाव, गलबते आणि बार्ज यांच्या प्रतिकृतीही तिथे मागणीप्रमाणे तयार होतात. हाती असलेलेच काम उरकत नसल्यामुळे आपले नाव जाहीर करू नये, अशी त्यांची इच्छा आहे, आणि ती मी पाळतो. ज्याला खरोखर गरज आहे त्याला फोंड्याच्या बाजारात दोन ठिकाणी विचारल्यावर पत्ता मिळेल.

माझी मागणी नेहमीची नव्हती. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या काठी एके काळी जी जीवरक्षक नौकाघरे होती, त्यांच्यापैकी १९३०च्या दशकातील नमुन्याचे एक नौकाघर, त्यातील ३६ फुटी मोटार लाइफबोट, आणि ती नौका पाण्यात सोडण्यासाठी उतारावर घातलेले रूळ, असे सगळे एकाच फळीवर मला हवे होते. प्रमाण १:४८ ठरले, त्यामुळे नौकेची लांबी सुमारे २३ सेंटीमीटर आली आणि नौकाघर, रूळ व पाणी मिळून फळी सव्वा मीटरच्या आसपास गेली. किंमत ४२,००० रुपये, त्यातील निम्मी आगाऊ. आराखडे आणि सार्वजनिक संग्रहांतील जुनी छायाचित्रे मी पुरवली.

निकाल आधीच सांगतो. नौका उत्कृष्ट आहे, इमारत चांगली आहे, आणि रूळ पहिल्या खेपेस सपशेल फसलेले असले तरी दुसऱ्या खेपेस याच कामातला सर्वांत सरस भाग ठरले. रुळांवर मी इतका का अडून बसलो, हे कळण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण या प्रतिकृतीचे मोल त्या इतिहासाच्या मापानेच ठरते.

सरोवर म्हटले की आपल्याकडे मयेचे तळे डोळ्यांपुढे येते, आणि तळ्यात कसली आली आहे जीवरक्षक नौका, असा प्रश्न पडतो. मेस्त्रींनीही तो विचारलाच. सुपीरियर या एका सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर आहे, गोव्याचे ३,७०२. म्हणजे बावीस गोवे त्यात सहज बसतील. तिथे समुद्रासारख्या लाटा उठतात, आणि नोव्हेंबर महिन्यातली वादळे तर कुप्रसिद्ध आहेत. त्या पाण्यावर जहाजे फिरत होती ती आपल्याला अगदी ओळखीच्या मालासाठी: लोहखनिजासाठी. सुपीरियरच्या काठावरील मार्क्वेटसारख्या बंदरांतून खनिज भरायचे आणि खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांकडे न्यायचे, हा व्यवहार १८५५ साली सू येथील जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजे चढवणारे-उतरवणारे कालवे, खुले झाल्यापासून वाढत गेला. मांडवी आणि जुवारीतून मुरगावकडे खनिज नेणाऱ्या बार्जांची दुरुस्ती पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या इतिहासाची ओढ का वाटावी, हे वेगळे सांगायला नको.

जहाजे वाढली तसे अपघातही वाढले. अमेरिकेच्या काँग्रेसने १८७४ साली या सरोवरांवर जीवरक्षक ठाणी उभारण्यास मंजुरी दिली, १८७६ पासून ती प्रत्यक्ष उभी राहू लागली, आणि १८७८ साली लाइफ-सेव्हिंग सर्व्हिस ही स्वतंत्र सेवा सम्नर किंबॉल यांच्या हाताखाली सुरू झाली. १९१५ मध्ये ती रेव्हेन्यू कटर या जकातीच्या गस्ती नौकांच्या सेवेत मिळून आजचे कोस्ट गार्ड तयार झाले. ठाण्यावर एक प्रमुख आणि वल्ही मारणारे मोजके लोक असत. हिवाळ्यात सरोवर गोठून जहाजवाहतूक थांबली की ठाणेही बंद होई.

आता रूळ का, ते पाहू. हलकी होडी माणसे वाळूवरून ओढत नेऊ शकतात; रापणीच्या होड्या आपल्याकडे अजून तशाच नेतात. परंतु ब्रिटिश धर्तीवरची ३४ फुटी लाइफबोट, जी उलटली तर आपोआप सुलटी होई आणि आत शिरलेले पाणी स्वतःच बाहेर टाकी, ती काही टन वजनाची होती. तिला उघड्या किनाऱ्यावर नांगरून ठेवावे तर पहिल्याच वादळात तीच फुटायची, आणि हिवाळ्यात बर्फ तिचा चुराडा करायचा. म्हणून तिला छपराखाली, कोरडी, गाड्यावर तयार ठेवायची, आणि हाक आली की नौकाघराच्या दारापासून पाण्याखालपर्यंत गेलेल्या रुळांवरून गाड्यासकट खाली सोडायची, ही योजना झाली. माणसे आधीच नौकेत बसलेली असत. अडकवण सोडली की उतारच काम करी. पाणी पुरेसे खोल झाले की नौका गाड्यावरून आपोआप उचलली जाई आणि रिकामा गाडा तारेने पुन्हा वर ओढता येई.

खरी कसोटी परतीची. दमलेली माणसे, वाचवलेले लोक, लाटेवर वरखाली होणारी नौका, आणि तिला पाण्याखाली न दिसणाऱ्या गाड्यात नेमके बसवायचे. त्यासाठी गाड्याच्या दोन्ही बाजूंना उंच खुंट असत. पाण्यावर दिसणाऱ्या त्या खुंटांच्या मधून नौका आत घ्यायची, मग विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर खेचायची. सुरुवातीला विंच नसून माणसांनी फिरवायचे कॅप्स्टन होते. एखादा सांधा खचला, रुळावर वाळू चढली, चाक उतरले, तर नौका कितीही भक्कम असो, ती अर्ध्या वाटेत अडकायची. माझ्या मते बचावाचे अर्धे काम रूळच करीत होते, आणि इतिहास लिहिताना तेच विसरले गेले.

विसरण्यास कारणेही आहेत. लोकांच्या लक्षात नौका राहते. याच ३६ फुटी जातीच्या सीजी ३६५०० या नौकेने १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ दुभंगलेल्या पेंडलटन या तेलवाहू जहाजावरील ३२ माणसे चौघा खलाशांच्या बळावर परत आणली, आणि तेव्हापासून या जातीची प्रतिकृती म्हटली की जो तो तीच करतो. ती नौका बंदरात नांगरलेली असे, तिचे खलाशी छोट्या होडीतून वल्हवत तिच्यापर्यंत गेले होते, त्यामुळे तिच्या प्रतिकृतीत रूळ नसतातच. मेस्त्रींनी संदर्भ म्हणून मोबाइलवर जी चित्रे शोधली ती सगळी त्याच नौकेची होती, आणि पहिल्या खेपेच्या चुकीचे मूळ, मला वाटते, तिथेच होते.

नौकेबद्दल तक्रारीला जागा नाही. दोन्ही टोके निमुळती असलेला तिचा आकार शिवण लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून काढला आहे, आणि त्यावर बारीक पट्ट्या बसवून फळ्यांचे सांधे दाखवले आहेत. पुढच्या आणि मागच्या बाजूची कासवाच्या पाठीसारखी बंद छपरे, जी नौकेला उलटल्यावर पुन्हा सुलटी व्हायला मदत करीत, ती दोन्ही बाजूंनी सारख्या गोलाईची आहेत. असल्या कामात डावी-उजवी बाजू जुळणे किती कठीण असते ते करणाऱ्यालाच ठाऊक. मूळ नौकेचा कणा ब्राँझचा आणि बराच जड असे, कारण सुलटे होण्याची ताकद त्या खालच्या वजनातूनच येई. मेस्त्रींनी येथे पितळी पट्टी वापरली आहे, नुसता रंग दिलेला नाही. हे मी सांगितलेले नव्हते. नौका हातात उलटी धरून सोडली की ती फिरून पोटावर येते. हा खेळ घरातील मुलांनी लगेच शोधून काढला.

नौकाघरही नीट आहे. छताला मंगळुरी कौले घालू का, असे त्यांनी दोनदा विचारले आणि लाकडी चिपाट्यांचे छप्पर ऐकून थोडे हिरमुसले, पण केले मात्र नेटके. दारे बिजागरीवर उघडतात. आत विंच आहे; त्याच्या दांड्यावर तारेऐवजी काळा सुती दोरा गुंडाळलेला होता, तो जाड आणि केसाळ दिसत होता. दुसऱ्या खेपेस त्या जागी बारीक पोलादी तार आली.

आता रूळ. पहिल्या खेपेस त्यांनी जे केले ते कोकण रेल्वेचे होते: खडी पसरलेली, तिच्यावर आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर रूळ, सगळे पाण्याच्या कडेला येऊन संपलेले. पाण्यावर निळा रंग देऊन वर जाड पारदर्शक रेझिन ओतले होते. दिसायला देखणे होते, आणि त्यात खरे असे काहीच नव्हते. लाटांच्या पट्ट्यात खडी एक दिवस टिकत नाही. सरोवराकाठचे रूळ लांब लाकडी तुळयांवर बसवलेले असत आणि त्या तुळया जमिनीत ठोकलेल्या खांबांवर आधारलेल्या असत. शिवाय रूळ पाण्याच्या कडेला संपले तर नौका तरंगणार कशी? ते पाण्याखाली बरेच आत गेलेले असायला हवेत. गाड्याच्या चाकांना आतली कड नव्हती, त्यामुळे गाडा बोट लावताच घसरून पडत होता.

समजावून सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे म्हणून मी त्यांना ओहोटीच्या वेळी जुवारीच्या काठावरच्या बंद पडलेल्या एका स्लिपवर, म्हणजे बार्ज दुरुस्तीसाठी पाण्यातून वर ओढण्याच्या रुळांच्या उतारावर, घेऊन गेलो. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि बार्जांबरोबर त्या वर ओढणाऱ्या कित्येक स्लिपही आडव्या झाल्या. ही त्यांपैकीच एक. दोन रुळांच्या मध्ये खारफुटीची रोपे उभी होती. वरच्या कोरड्या भागात रूळ तांबूस पण धड होता, खाली कायम चिखलात असलेला भागही बऱ्यापैकी शाबूत होता, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात मात्र लोखंड पापुद्र्यांनी सुटत होते. नेमका तिथलाच एक सांधा बोटभर खचलेला होता. पाण्याचा आधार सुटून बार्जचे संपूर्ण वजन चाकांवर येते ती जागा हीच. मेस्त्री उकिडवे बसून तो सांधा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भाई, म्हणजे जोर खाली जाताना नाय, वर येताना. मग माझी चाके चुकली, आणि तुळई पण बारीक झाली."

त्यानंतर जे काम झाले त्याला तोड नाही. तुळया फणसाच्या, खांब आइनाचे, रूळ डिचोलीहून कापून आणलेल्या पितळी पट्टीचे, आणि चाके खरोखर कड असलेली. गाड्याचे खुंट नौकेच्या कमरेपेक्षा उंच आहेत. विंच फिरवला की तार ताणली जाते, गाडा नौकेसकट पाण्यातून वर येतो आणि दारातून आत जाऊन थांबतो. रेझिन पुन्हा ओतले, पण या वेळी निळा रंग न देता, त्यामुळे पाण्याखालचे रूळ शेवटच्या टोकापर्यंत दिसतात. त्यासाठी रेझिनच्या थरात गाडा फिरण्यापुरता खाचेसारखा मार्ग मोकळा ठेवावा लागला. तो डोळ्यांना थोडा खटकतो, पण त्याला दुसरा उपाय मलाही सुचला नाही.

माझी एक मागणी मेस्त्रींना अखेरपर्यंत विचित्र वाटली: पाण्याच्या दोन रेषा दाखवण्याची. या सरोवरांना आपल्यासारखी भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पण पाऊस, बर्फ आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबाप्रमाणे पाण्याची पातळी वर्षानुवर्षे चढते आणि उतरते. मिशिगन-ह्युरॉन सरोवरांची मासिक सरासरी पातळी ऑक्टोबर १९८६ मध्ये नोंदींतील सर्वांत वर होती आणि जानेवारी २०१३ मध्ये सर्वांत खाली. या दोहोंत सुमारे दोन मीटरचा फरक आहे. मुरगावला उधाणाच्या भरती-ओहोटीतही साधारण तेवढाच फरक पडतो. आपल्याकडे तो सहा तासांत येतो-जातो, म्हणून आपल्या स्लिप तो गृहीत धरूनच बांधलेल्या असतात. तिथे तो एवढ्या सावकाश येतो की रूळ बांधणाऱ्याच्या नोकरीत कदाचित दिसतच नाही, आणि मग एका दशकात रुळांचे टोक उघडे पडते, तर दुसऱ्या दशकात पाणी नौकाघराच्या दारापर्यंत येते. माझ्या मांडणीत दहास एक असा उतार धरला आहे. त्यावर दोन मीटर म्हणजे किनारा वीस मीटर पुढेमागे होतो, आणि प्रतिकृतीत या दोन रेषा रुळांच्या लांबीवर चाळीस सेंटीमीटरहून अधिक अंतरावर येतात. त्या दोन्ही रेषा मेस्त्रींनी तुळयांवर गडद डागांनी दाखवल्या आहेत. डाग अगदी सरळ पट्टी मारल्यासारखे आले आहेत. पाण्याचा डाग तसा नसतो. हा एक दोष राहिला.

रूळ वापरातून गेले ते मात्र पाण्यामुळे कमी आणि नौकांमुळे जास्त. त्याची सुरुवात, गंमत म्हणजे, सरोवरावरच झाली. १८९९ साली मार्क्वेट येथे लेफ्टनंट मॅकलेलन यांनी ३४ फुटी लाइफबोटीत १२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसवून पाहिले, आणि वल्ह्यांचे युग संपू लागले. इंजिन आले तशी त्याची दुखणीही आली. नोव्हेंबर १९१३च्या वादळात, ज्यात सरोवरांवर अडीचशेहून अधिक माणसे दगावली, एल. सी. वाल्डो हे खनिज भरलेले जहाज सुपीरियरमधील गल रॉकवर आदळले. ईगल हार्बर ठाण्याची मोठी मोटार नौका त्या वेळी नादुरुस्त होती, लहान नौकेने केलेला प्रयत्न लाटा आणि बर्फामुळे फसला, आणि इंजिन दुरुस्त करून ती माणसे पुन्हा निघाली. पोर्टेज ठाण्याचे पथकही तिथे पोहोचले, आणि जहाजावरील सर्व २४ जण वाचले. दोन्ही पथकांना सुवर्णपदके मिळाली.

पुढे नौका वाढत गेली. ३६ फुटी नौकेपर्यंत रुळांनी साथ दिली. १९६२ साली ४४ फुटी पोलादी नौकेचा पहिला नमुना आला. ती धक्क्याला बांधून ठेवायची, जुन्या दारातून आत जाण्याजोगी नव्हती. रस्ते झाले, हेलिकॉप्टर आले, ठाणी एकत्र केली गेली, आणि पाण्याखालच्या रुळांवर दरवर्षी पैसा घालायला कोणी राहिले नाही. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी पॉइंट रेज येथील १९२७चे नौकाघर १९६८ साली बंद झाले, पण ते रुळांसकट जतन केलेले आहे. मिशिगन सरोवरावरील स्लीपिंग बेअर पॉइंटचे ठाणे १९०१ साली बांधले. वाळूची टेकडी सरकत अंगावर येऊ लागली म्हणून १९३१ मध्ये ते उचलून दुसरीकडे नेले, १९४४ मध्ये बंद झाले, आणि आता तिथे संग्रहालय आहे. ज्यांच्या वाट्याला असे जतन आले नाही, त्यांचे रूळ भंगारात गेले किंवा वाळूखाली. गोव्यातील एकही स्लिप जतन करावी असे अद्याप कोणाच्या मनात आलेले दिसत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

सेवेविषयी दोन शब्द. पावसाळ्यापूर्वी देतो म्हणून सांगितलेले काम चतुर्थी उलटून गेल्यावर हाती आले. मखरांच्या दिवसांत त्यांच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा ठेवू नये, हे कोणीही सांगेल. पण ते त्यांनीच आगाऊ सांगायला हवे होते. रुळांच्या दुसऱ्या खेपेचे वेगळे पैसे मी विचारूनही त्यांनी घेतले नाहीत. बांधणी मात्र निष्काळजी होती: वर्तमानपत्र आणि सुतळीत गुंडाळून दिलेल्या गाड्याचा एक खुंट घरी येईपर्यंत मोडला. निरोप धाडताच ते स्वतः येऊन बसवून गेले.

भिंतीवर शोभेचे गलबत हवे असणाऱ्याने येथे एवढे पैसे घालू नयेत. सावंतवाडीच्या बाजारात ते स्वस्तात मिळेल. जिथे एखादे यंत्र कसे चालत होते हे दाखवायचे आहे, आणि मागणी करणाऱ्याजवळ आराखडा आणि थोडा धीर आहे, तिथे हेच मेस्त्री योग्य. त्यांना छायाचित्रांवर सोडू नका, खरी वस्तू दाखवा. काचेची पेटी या किमतीत येत नाही, ती वेगळी करून घ्यावी लागते. तिच्या मागच्या बाजूला हवेसाठी भोके ठेवायला सांगा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात पितळी रूळ हिरवे पडतील आणि फणसाच्या तुळयांना बुरशी येईल.